माणशी एक मासा

मासा मेला की आमच्या घरात आनंद व्हायचा. खोटं सांगत नाही. सासूबाई चहाच्या जुन्या गाळणीनं तो काढायच्या, कुंकवाचं बोट लावायच्या, मागच्या शेवग्याच्या बुडात पुरायच्या आणि पदराला हात पुसत आत येऊन म्हणायच्या, "गेली बाई इडापिडा." मग मालकांना हाक. "शिरूरला जाशील तवा येताना एक मासा आण रं." मालक म्हणजे माझा नवरा. ते मान डोलवायचे. मासा मेला कशानं, हे कुणी विचारायचंच नाही. मी विचारलं की सगळे माझ्याकडं असे बघायचे, जशी मीच बाहेरून इडापिडा घेऊन आले.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले, तरी सांगायला बसले की कान तापतात. गोड बोलून सांगणं मला जमायचं नाही. जसं आठवतंय तसं रागातच सांगते.

मांडवगण फराट्याला आमच्या मळ्यात नवं स्लॅबचं घर झालं, त्याच्या वास्तुशांतीला मालकांच्या मावसभावानं काचेची टाकी आणली. दोन हात लांबसुद्धा नव्हती. खाली निळे खडे, त्यात प्लॅस्टिकचा किल्ला, आणि फुसफुस बुडबुडे सोडणारी नळी. भाऊजींनी पुरणपोळी चापली, ढेकर दिला आणि सांगितलं, "घरावर आलेलं संकट मासा आपल्या अंगावर घेतो. मासा मेला की समजायचं, आपलं टळलं." एवढं बोलून भाऊजी गाडीत बसले आणि गेले. लोकांच्या घरात काडी टाकून जायला काय लागतं!

आता मासे किती ठेवायचे, यावर जेवणं झाल्यावर चटईवर बैठक बसली. बैठक कसली, सासूबाईच बोलत होत्या. त्यांचं गणित सरळ होतं. माणशी एक. ज्याचं संकट त्याच्या माशानं घ्यायचं, दुसऱ्याच्या माशावर भार नको.

सासूबाई, मालक, मी, आमची दोन पोरं, धाकटे दीर आणि जाऊबाई, असे सात झाले. जाऊबाईला दिवस गेलेले, म्हणून पोटातल्याचा आठवा. मग सासूबाईंना आठवलं की आमचा ट्रॅक्टर मागं एकदा पाटाच्या चारीत कलंडला होता. झाला ट्रॅक्टरचा नववा. धाकटे दीर पहिल्यापासून चेष्टेखोर. ते म्हणाले, "आये, बोअरचं पाणी कमी झालंय, बोअरचाबी एक धर की." पोरं फिदीफिदी हसली. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी बोअरचा दहावा धरला. शेवटी म्हणाल्या, "येणाऱ्याजाणाऱ्याचाबी एक असू दे. पावण्याची नजर वंगाळ."

झाले अकरा. अकरा सोनेरी मासे, त्या वीतभर पाण्यात!

मी सासूबाईंना म्हणाले, "आत्या, मरतील सगळं. दाटी हुती."

"तुला गं काय म्हाईत माशाचं?"

माशाचं नव्हतंच माहीत. पण मी राहू गावची. आमच्या आप्पांचं कोंबड्यांचं शेड होतं, आणि लग्न होईपर्यंत मी त्या शेडात वाढले म्हटलं तरी चालेल. पक्षी मेले की त्याला आमच्यात मरतूक म्हणतात. मरतूक वाढली की आप्पा देवाला जात नव्हते, आधी शेडात जायचे. पडदे वर आहेत का, पाण्याची भांडी घाण झालीत का, खालचं तूस ओलं होऊन वास मारतंय का, पक्षी एका कोपऱ्यात चेंगरलेत का, हे बघायचे. आप्पा म्हणायचे, "मेलेला पक्षी बोलतो, पोरी. आपुन ऐकायचं असतं." मी हे सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "कोंबडी येगळी, मासा येगळा. तू राहूचं राहूला ठेव."

ठेवलं बाई. पण टाकी धुवायची कुणी? मीच. हे मात्र बैठकीत कुणी बोललं नाही, ते आपोआप ठरलं.

सोन्यासारखा दिसतो म्हणून काय झालं, हा मासा म्हणजे खायचं आणि घाण करायचं यंत्र आहे. टाकीला चार दिवस हात लावला नाही तर पाणी ताकासारखं व्हायचं, आणि झाकण उघडलं की आप्पांच्या शेडातला ओल्या तुसाचा वास डोळ्यांत जायचा. अगदी तोच वास. मासे वर येऊन पाण्याच्या कडेला आ वासून राहायचे. सासूबाई हात जोडायच्या. "बघ कसं तोंड वर करून देवाला हाका मारत्यात."

"हवा मिळंना त्यास्नी, आत्या."

"गप बस."

मग मरतूक सुरू झाली. पहिला गेला तो ट्रॅक्टरचा. सासूबाईंनी ट्रॅक्टरच्या बोनेटवर नारळ फोडला. मग माझा गेला. सासूबाई म्हणाल्या, "तुझी डोकेदुखी गेली बघ." माझं डोकं तेव्हाच जास्त दुखायला लागलं होतं, पण माझ्या डोक्याचं मला कोण विचारतंय! मग पोटातल्याचा गेला, आणि जाऊबाई दिवसभर रडून रडून सुजली. सासूबाईंनी तिला कुरवाळलं. "अगं येडे, संकट गेलं, तू कशापायी रडतीस?" पुढं ती बाळंत झाली, पोरगी चांगली धडधाकट. झालं, निकाल पुन्हा सासूबाईंच्या बाजूनं. बरं झालं तर माशानं केलं, वाईट झालं तर माशामुळं थोडक्यात निभावलं. अशा माणसाशी भांडणार कसं?

मी तरी भांडले. एकदा भाकरी थापता थापता म्हणाले, "आत्या, माझ्या बापाच्या शेडात रोज पाटीभर पक्षी मरायचं. तुमच्या हिशोबानं आमच्या घरादाराला साधी शिंकबी यायला नगं हुती. मग आमचा आप्पा दम्यानं कसा गेला?"

सासूबाई उठून बाहेर गेल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. ते दोन दिवस मला बरे गेले.

दुकानदाराला काय, त्याला सोन्याची खाण सापडली होती. मालक दर बाजाराला एकदोन मासे पिशवीत घेऊन यायचे, पिशवी हवेनं फुगवलेली, वर रबर. टाकीत पुन्हा अकरा. मी म्हणायचे, "अहो, कमी करा. दोन ठेवा, दोन जगतील." मालक म्हणायचे, "आईला बरं वाटतंय ना, मग ऱ्हाऊ दे की. आपलं काय जातंय?"

काय जातंय ते त्यांच्याच पायानं दाखवलं.

मालकांना शुगर निघाली होती. दौंडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पाय जपा, बधिर झालेत, लागलेलं कळणार नाही, रोज तळवे बघत जा. मालक बारावी शिकलेले, दिवसभर मोबाईलवर जगाच्या बातम्या बघणारे. चहातली साखर कमी केली आणि बिस्किटं वाढवली. तळवे बघायला सांगितलं तर म्हणायचे, "मी काय बाई हाय का पाय निरखत बसायला?" उसाला पाणी द्यायला गेले, बुटात खडा गेला, आणि तो दिवसभर बुटात राहिला. कळलंच नाही. संध्याकाळी बूट काढला तेव्हा मोज्याला रक्त. उजव्या पायाची करंगळी.

मी म्हटलं, उद्या सकाळी दौंड. मालक बरं म्हणाले. आणि सकाळी नेमका त्यांचा मासा उताणा तरंगत होता.

सासूबाईंनी त्या दिवशी नुसतं कुंकू लावलं नाही, गूळखोबरं वाटलं. "सुटला माझा लेक." आणि मालक! मालकांच्या तोंडावर जे हसू आलं ना, ते मला मरेपर्यंत आठवेल. त्यांचा माशावर माझ्याइतकाच विश्वास होता, म्हणजे काडीचा नव्हता. पण दवाखाना चुकवायला निमित्त पाहिजे होतं, आणि ते पाण्यावर तरंगत आलं होतं. "आज ऱ्हाऊ दे," म्हणाले. "मलम लावलंय, वाळंल." मी बोलले, ओरडले, जेवले नाही. घरात मी एकटीच वेडी ठरले. धाकटे दीरसुद्धा म्हणाले, "वैनी, दोन दिस बघू की."

दोन दिवसांचे किती झाले ते मी मोजले नाहीत. एक दिवस करंगळी काळी पडली आणि वास यायला लागला, तेव्हा सगळ्यांचे पाय आपोआप गाडीकडं वळले. दौंडला करंगळी काढून टाकली. डॉक्टर माझ्यावरच खेकसले, "इतके दिवस काय करत होतात?" काय सांगू? मासा मेला होता, असं सांगू?

आणि घरी आल्यावर सासूबाई दारात भाकरतुकडा ओवाळत काय म्हणाल्या माहीत आहे? "जिवावरचं हुतं ते बोटावर निभावलं. मासा हुता म्हणून."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पदर खोचला, बादली घेतली आणि टाकीसमोर उभी राहिले. मालकांच्या माशाच्या जागेवर आणलेला नवा धरून परत अकरा होते. नऊ मासे गाळणीनं काढून बादलीत टाकले आणि मागं गुरांच्या हौदात नेऊन सोडले. हौद चांगला बैलगाडीएवढा, मोटार चालू झाली की ताजं पाणी पडतं. तिथं ते आजही आहेत. म्हैस तोंड घालते तेव्हा बाजूला सरकतात, परत येतात. टाकीत फक्त दोन राहिले. निळे खडे, किल्ला, सगळं उकिरड्यावर फेकलं.

सासूबाई जिन्याला धरून उभ्या होत्या. "अगं, दोनच? कुणाचं दोन?"

"कुणाचंच न्हाईत. मासं माशांचं. आन् या घरात परत कुणी एकजरी आणला तर मी राहूला जाते, मग धुवा टाकी तुम्ही."

मी खरंच गेले असते. त्यांना ते दिसलं असावं, कारण कुणी वाद घातला नाही. संध्याकाळी सासूबाई टाकीजवळ बसून पुटपुटत होत्या, "दोन तर दोन. त्याच्या दोन पायांचं दोन." मी ऐकलं आणि सोडून दिलं. प्रत्येक वेळी कुठवर भांडायचं?

आता मजा ऐका. मासे मरेनात. पाणी नितळ राहायला लागलं, वास गेला, दोघं वाढले, मोठ्या शेपट्या हलवत टाकीभर फिरायला लागले. मला वाटलं, आता तरी यांच्या डोक्यात उजेड पडेल. कशाचं काय! सासूबाईंचा जीव टांगणीला लागला. शेजारणीला सांगताना मी कानानं ऐकलं, "किती दिस झालं बाई, एकबी मरंना. नुसतं खाऊन गलेलठ्ठ झाल्यात. काय कामाचं न्हाईत." मासा जगला तर बिनकामाचा! माझ्या हातात तेव्हा विळा होता, गुरांसाठी घास कापून आले होते. मी विळा ठेवला आणि हसले. रागाच्या पलीकडं गेलं की माणूस हसतं, दुसरं काय करणार?

मग ती दुपार. मी आणि जाऊबाई कांद्याला पाणी देत होतो. मध्येच लाईट गेली, मोटार बंद पडली. जाऊबाई बांधावर पोरीला पाजत बसली आणि मी प्यायला पाणी आणायला घरी आले. मालक सकाळपासून कणकण आहे म्हणून आतल्या खोलीत झोपले होते. पोरं शाळेत. दार नुसतं लोटलेलं.

आत पाऊल टाकलं तर सासूबाई फरशीवर बसलेल्या. मला आधी वाटलं, पडल्या. जवळ गेले तर समोर ओला टॉवेल आणि टॉवेलवर मासा. तडफडत होता. सासूबाई दोन्ही हात जोडून त्याच्याकडं बघत होत्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. "जा रं बाबा," म्हणत होत्या, "जा लवकर, जा."

मी झडप घातली. मासा ओंजळीत उचलून टाकीत सोडला. तो आधी एका कुशीवर झाला, बुडाला टेकला, मग कल्ले हलायला लागले. सासूबाईंवर मी इतकी कधीच ओरडले नव्हते. "लाज न्हाई वाटत? मुक्या जिवाला मारताय? हीच का तुमची देवभक्ती?"

"एकच गं," त्या म्हणाल्या. "एक जाऊ दे. तुझ्या पाया पडते."

सत्तरी ओलांडलेली बाई, माझे पाय धरायला वाकली. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. दोन मासे. दोन पाय.

मी खाली बसले. त्यांचे हात धरले. "आत्या," म्हणाले, "कुठला पाय?"

त्यांनी आतल्या खोलीकडं बघितलं.

"आत्या, कुठला पाय?"

"डावा."

मी आत गेले आणि मालकांच्या अंगावरचं पांघरूण ओढलं. झोपेतही मोजे घातलेले. मार्चच्या उन्हाळ्यात! डावा मोजा काढला. अंगठ्याच्या खाली रुपयाएवढी जखम, कडा पांढऱ्या, मध्ये ओलं. मालक दचकून उठले आणि पाय ओढून घ्यायला लागले. मी घोटा सोडला नाही.

"कवापासून?"

"आईला सांगितलं हुतं मी."

"आई डाक्टर हाय? एक बोट घालवलंत, आता अख्खा पाय घालवायचाय? आन् मला सांगत न्हाई? टाकी मी धुवायची, पट्ट्या मी बांधायच्या, आन् जखम मातुर आईला दाखवायची?"

त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मग हळू म्हणाले, "परत कापत्याल म्हणून भ्यालो."

भ्यालेला नवरा बघून बाईचा राग उतरतो म्हणतात. माझा नाही उतरला. उलट चढला. भ्याला होता तर माझ्यापाशी भ्यायचं! मी काय परकी आहे? मी म्हणाले, "उठा, आत्ताच्या आत्ता दौंडला." ते म्हणाले, "ऊन उतरू दे, उद्या जाऊ." परत उद्या!

तेवढ्यात दारात सासूबाई आल्या. पदर नीट डोक्यावर घेतलेला, पायात चपला. डोळे पुसलेले. जन्मात लेकाला त्या कधी दरडावून बोलल्या नव्हत्या.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "ती काय म्हणती ते ऐकू येत न्हाई व्हय? जीपमंदी बस."

मालक उठले. मी गळा फोडून सांगितलं तर उद्या, आणि आई एकदा म्हणाली तर लगेच. याचाही मला राग आला, पण तो मी जीपमध्ये गिळला. धाकट्या दिरांनी गाडी अशी काढली की खड्डे कळले नाहीत. सासूबाई मागं बसून लेकाचा पाय मांडीवर घेऊन होत्या, मोजा नाही, बूट नाही, उघडा. रस्ताभर त्या जखमेकडं बघत होत्या. पहिल्यांदाच बघत होत्या. आजवर नुसत्या काचेत बघायच्या.

डॉक्टरांनी जखम साफ केली, कडा छाटल्या आणि म्हणाले, यावेळी लवकर आणलंत, हाडापर्यंत गेलेलं नाही. कापावं लागलं नाही. बरेच दिवस ड्रेसिंग चाललं, ते मीच केलं. पाय राहिला.

मला वाटलं होतं, आता सासूबाई एकदा तरी म्हणतील, चुकले गं. निदान माशांबद्दल तरी बोलतील. एक शब्द नाही. टाकीवर अजून त्यांची तेवढीच श्रद्धा आहे. माझ्यामागं पोरांना सांगतातही, की मासा संकट घेतो, पण आपले दोन आळशी निघाले. ऐकलं की माझं डोकं फिरतं.

पण टाकीत दोनच आहेत. तिसरा कुणी आणला नाही. आणि रोज सकाळी चहाआधी सासूबाई काचेला डोळा लावून बघतात. दोघं मजेत फिरत असतात. त्या सुस्कारा टाकतात, वळतात, खाटेवर बसलेल्या लेकापुढं फरशीवर बसकण मारतात आणि चष्मा चढवतात.

"मासं काय मरंनात बाबा," म्हणतात. "पाय दाव."